ड्रायरचा दरवाजा लागत नव्हता – डोंबिवलीतल्या दुरुस्तीवाल्या दादांचा अनुभव

आधी निकाल सांगते, बाकीचं नंतर. कपडे वाळवायच्या ड्रायरचा दरवाजा लागत नसेल आणि कंपनीच्या माणसाने पूर्ण दरवाजाच बदलावा लागेल असं सांगितलं असेल तर लगेच पैसे भरू नका, आधी या दुकानात फोन करा. आमचं काम १२५० रुपयात झालं, तेही नीट, कारण शोधून. ज्या कामाला कंपनीकडून ७८०० चा आकडा आला होता आणि वर पार्ट यायला तीन-चार आठवडे लागतील असं सांगितलं होतं ते हेच काम. दुकानाला पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला तेही खाली लिहिलंय.

आता ड्रायर म्हटलं की बरेच जण म्हणतात तो हवाय कशाला, दोरीवर वाळतात की कपडे. ऑक्टोबर ते मे वाळतात, मान्य. पण जुलैत? सांताक्रूझला एकट्या जुलै महिन्यात सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आमच्या कल्याण-डोंबिवली-बदलापूर पट्ट्यात काही तो कमी नसतो, हवा इतकी दमट की पंख्याखाली रात्रभर टांगलेला टॉवेल सकाळी हाताला गारच लागतो आणि त्याला तो कुबट वास. त्यात लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळाची दुपटी, लंगोट, झबली, दिवसाला बादलीभर. डॉक्टरांनी ओलसर कपडे बाळाला घालू नका म्हणून बजावलेलं. सासूबाई सांगतात त्यांच्या वेळी शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळवायचे, फ्लॅटमधे ते कुठून करणार. त्यामुळे आमच्या घरी पावसाळ्यात ड्रायर बंद म्हणजे खरंच अडचण, चैनीची वस्तू बंद पडली असं नाही.

मशीन आमचं व्हेंटेडवालं, म्हणजे गरम दमट हवा मागच्या पाइपने खिडकीतून बाहेर टाकणारं, साडेपाच किलोचं, समोरून गोल दरवाजा. ड्राय बाल्कनीत लोखंडी स्टँडवर ठेवलंय, खाली वॉशिंग मशीन. झालं असं की दरवाजा ढकलला की टक् असा आवाज यायचा तो यायचा बंद झाला. दाबून धरला की लागल्यासारखा वाटायचा, ड्रम फिरायला लागायचा आणि थोड्या वेळाने दार आपोआप एवढंसं फटकन् उघडून मशीन थांबायचं. परत बंद करा, परत स्टार्ट दाबा. मग एक दिवस लागेचना.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना बोलावलं (कुठली कंपनी ते इथे लिहीत नाही). मुलगा आला, दार दोनदा आपटून बघितलं, मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि म्हणाला डोअर असेंब्ली चेंज करावी लागेल, नुसता लॅच (दार अडकवून धरणारा खटका) वेगळा येत नाही. ७८००, शिवाय जीएसटी, शिवाय व्हिजिटचे वेगळे. आणि जाताना सल्ला, मॅडम मशीन जुनं झालंय, एक्स्चेंजमधे नवीन घ्या. त्याने ना दाराचा एक स्क्रू फिरवून बघितला ना बिजागरीला हात लावला. याचा मला राग आला आणि अजून आहे, कारण जो माणूस दुरुस्तीला येतो त्याने निदान वाकून बघायला तरी पाहिजे.

मग आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी या दादांचा नंबर दिला. दुकान डोंबिवली पूर्वेला, अगदी लहान गाळा, बाहेर उघडी पडलेली वॉशिंग मशीनची पिंपं, आत भिंतभर डब्यांमधे स्क्रू, बेल्ट, स्विच. दादा पन्नाशीचे असतील, बरोबर एक हाताखालचा मुलगा.

मला पहिली गोष्ट आवडली ती फोनवरच. मी म्हटलं दार लागत नाही, तर त्यांनी विचारलं, "ताई, दोरी-बिरी बांधून चालवत नाही ना? असेल तर आधी सोडा आणि प्लग काढा." मग म्हणाले आता फोन चालू ठेवूनच एक करा, फिल्टर (कपड्यांची लव अडवणारी जाळी) काढून बाजूला ठेवा आणि दार लावून बघा, लागतं का. का विचारलं तर म्हणाले पुष्कळ मशीनमधे फिल्टर दाराच्या तोंडाशीच बसतो आणि तो पूर्ण खाली गेला नाही, अर्धा बोट जरी वर राहिला तरी दार त्यावर अडतं आणि लोक समजतात लॅच गेला. आमच्यात तसं नव्हतं. मग म्हणाले रबराच्या कडेत हात फिरवून बघा मोजा, रुमाल, नाडी काही अडकलंय का. बाळाचा एक इवलासा मोजा निघाला खरा पण दार तरी लागेना. मग म्हणाले येतो. म्हणजे बघा, हा माणूस ३०० रुपये व्हिजिट सोडून फोनवरच काम होतंय का ते आधी बघत होता. नंतर त्यांच्याशी बोलताना कळलं की दार लागत नाही म्हणून येणाऱ्या बऱ्याचशा फोनचं काम असं फिल्टर आणि अडकलेल्या कपड्यावरच भागतं.

आले तेव्हा सांगितलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर. ते एक. पण आल्यावर घाई नाही. प्लग काढलाय ना ते स्वतः बघितलं, दार उघडं करून सरळ समोर बसले आणि नुसते बघत राहिले. मग दाराची खालची कड दोन बोटांनी धरून वर उचलली. दार हललं! वर-खाली चांगलं हलत होतं. म्हणाले हे बघा ताई, बिजागरीत खेळ आलाय. जुन्या कपाटाचं दार जसं खाली बसतं आणि मग कडी भोकात जात नाही, अगदी तेच झालेलं.

आता गंमत म्हणजे मी समजत होते की तो लॅच हा फार गुंतागुंतीचा प्रकार असेल, वॉशिंग मशीनला असतो तसा. त्यांनी समजावून सांगितलं. वॉशिंग मशीनच्या दाराला विजेवर चालणारं लॉक असतं, आत पाणी असतं म्हणून, आणि ते मशीन थांबल्यावरसुद्धा मिनिटभर सुटत नाही. ड्रायरला साधारण तसं काही नसतं. दारावर एक छोटी जीभ, समोर बॉडीवर एक खाच, खाचेत स्प्रिंगचा कॅच. जीभ आत गेली की कॅच तिला दोन्ही बाजूंनी धरतो, बस. आणि शेजारी एक बारकी कळ असते, मायक्रोस्विच, दार पूर्ण लागलं की ती दाबली जाते आणि मगच मोटर आणि हीटरला करंट जातो. दार उघडलं की करंट तुटतो, ड्रम थांबतो. म्हणून दार नीट लागल्यावर आमच्या मशीनमधे बारीक कान देऊन ऐकलं तर दोन आवाज येतात, एक कॅचचा जाड आणि त्याच्या मागोमाग स्विचचा बारीक. कॅचचा येतो आणि स्विचचा येत नाही, दार घट्ट लागलंय तरी मशीन सुरू होत नाही, असं असेल तर स्विचकडे बघायचं. कॅचचाच येत नसेल तर स्विचला दोष देऊन उपयोग नाही. हे इतकं सोपं आहे आणि एवढ्या वर्षांत मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं घरात काजळ आहे का. बाळाचं होतंच. बोटावर थोडं घेऊन दाराच्या जिभेच्या टोकाला लावलं, दार हळूच टेकवलं आणि उघडलं. खाचेच्या खालच्या काठावर काळा ठिपका उमटलेला, खाचेच्या मधोमध उमटायला पाहिजे होता तो जवळपास तीन मिलिमीटर खाली. एवढ्या तीन मिलिमीटरसाठी ७८०० चं दार! जीभ कित्येक महिने खाचेच्या काठावर आपटत होती आणि त्या आपटण्यानेच कॅचचा एका बाजूचा प्लास्टिकचा ओठ तुटला होता. म्हणजे कॅच तुटला हे खरं होतं पण कॅच हा शेवट होता, सुरुवात बिजागरीत होती. नुसता कॅच बदलला असता, किंवा नवा दरवाजासुद्धा बसवला असता, तरी तो त्याच ढिल्या जागी बसला असता आणि पुढच्या पावसाळ्यात परत हेच.

बिजागरी का ढिली झाली? एक तर उघड्या दारावर ओल्या चादरी टाकायची सवय, जवळजवळ प्रत्येक घरात असते, हातात दुसरं काही घ्यायचं असलं की पिळलेली चादर दारावर. ओली डबल बेडची चादर चांगली जड असते आणि ते सगळं वजन बिजागरीच्या दोन स्क्रूंवर येतं, तेही पातळ पत्र्यात बसवलेल्या. पत्र्यातले आटे गेले की स्क्रू नुसता गरागरा फिरतो, घट्ट होत नाही.

दुसरं कारण मला अजिबात सुचलं नसतं. त्यांनी पिशवीतून पाणसळ काढली, मशीनच्या डोक्यावर ठेवली, बुडबुडा सरळ मागे गेला. मशीन पुढे झुकलेलं. ड्राय बाल्कनीच्या फरशीला पाणी जाळीकडे जावं म्हणून उतार ठेवलेला असतो ना, आमच्याकडे तो नेमका दाराच्या बाजूला आहे. मशीन बसवताना कंपनीच्या माणसाने पाय सारखे केलेच नव्हते, किंवा केले असतील तर खालच्या वॉशिंग मशीनच्या हादऱ्याने स्टँड सरकला असेल, नक्की काय ते देव जाणे. पण पुढे झुकलेल्या मशीनचं दार स्वतःच्याच वजनाने सतत उघडायला बघतं, कॅच ते सतत धरून ठेवतो, ड्रम फिरताना थरथर होते, आणि एक दिवस कॅच हरतो. ज्यांच्याकडे ड्रायर किंवा फ्रंट लोड मशीन ड्राय बाल्कनीत आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर उठून एकदा बघाच, दार अर्धं उघडून हात सोडायचा, ते आपोआप पूर्ण उघडत गेलं तर मशीन पुढे कललेलं असणार. पाणसळ नसली तर ताटात पाणी घेऊन वर ठेवा, तेवढ्यावरही कळतं.

काम असं केलं. दार पूर्ण काढून जमिनीवर चादर घालून ठेवलं, काचेला चरा पडू नये म्हणून. पत्र्यातली आटे गेलेली भोकं थोडी मोठी करून त्यात रिव्हेट नट बसवले, म्हणजे पत्र्याला आता स्वतःचे जाड आटे मिळाले. नुसता जाडा स्क्रू पिळून दिला असता तरी त्या दिवशी घट्ट बसला असता, पण पातळ पत्रा परत फाटतो म्हणाले. खालच्या बिजागरीमागे एक बारीक वॉशर टाकला, दार लावलं, परत काजळ, ठिपका आता खाचेत मधोमध पण जरासा डावीकडे, परत काढलं, परत सारखं केलं. हे त्यांनी ठिपका मनासारखा येईपर्यंत केलं, मी चहा ठेवला तो होऊन गार झाला तरी त्यांचं चाललेलंच. शेवटी जिभेच्या काठावर आपटून आलेली खरखर कानशीने बारीक घासून काढली. जीभ बदलायची गरज नाही म्हणाले, धातूची आहे, वाकलेली नाही.

कॅच त्यांच्याकडे मिळता-जुळता होता, ३५० चा, आमच्या मॉडेलचा म्हणून विकत नाहीत पण माप तेच. खाचेच्या आत इतकी तुसं साठलेली होती की जुन्या टूथब्रशने काढली तर चमचाभर निघाली, कपड्यांची जी बारीक लव सुटते ती फिल्टरमधून वाचून अशी सांदीत जाऊन बसते आणि घट्ट दाबली जाते, मग जीभ पूर्ण आत जात नाही. तुसं पेट घेतात हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून फिल्टर लोक साफ करतात, दाराच्या खाचेकडे कोणी बघत नाही.

मायक्रोस्विचबद्दल सांगायलाच पाहिजे. माझी खात्री होती की आता स्विचही बदलायला सांगणार, कारण स्विच काही महाग नसतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात असे स्विच ढिगाने मिळतात, कोणीही सहज दोनशे-तीनशे लावून बिलात घालेल आणि आपल्याला कळणारही नाही. त्यांनी मल्टिमीटर लावून कळ दाबून दाखवली, दाबली की बीप, सोडली की बंद. दहा-बारा वेळा. "चांगला आहे, कशाला बदलायचा." एवढंच बोलले. मला या एका वाक्यासाठी त्यांना पाच तारे द्यावेसे वाटले.

दाराभोवतीचं रबर खालच्या बाजूला बोटभर सुटलेलं होतं, तिथून गरम हवा बाल्कनीत यायची. ते लाल सिलिकॉन लावून चिकटवलं, गाड्यांच्या इंजिनला वापरतात ते, उष्णता सोसणारं. साधा गोंद किंवा फेविक्विक इथे चालत नाही, ड्रायरच्या गरमीत सुटतं किंवा कडक होऊन तडकतं. पण सिलिकॉन पूर्ण पक्कं व्हायला २४ तास लागतात म्हणून उद्या संध्याकाळपर्यंत मशीन चालवायचं नाही असं बजावून गेले. त्या रात्री लंगोट इस्त्रीने वाळवले, चालायचंच. जाताना वर्तमानपत्राची एक पट्टी दाराच्या कडेत धरून दार कसं लावायचं आणि पट्टी कशी ओढून बघायची ते दाखवलं, ओढताना थोडा अटकाव जाणवला पाहिजे, सरसर निघून आली तर त्या जागी फट आहे. पूर्ण गोलाभोवती असं बघायचं. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, सगळीकडे पट्टी धरून राहिली. आणि कपडे आता आधीपेक्षा लवकर वाळतायत, जे लोड दोन तासात व्हायचं ते दीड तासाच्या आत होतं. हीटर २००० वॉटचा आहे म्हणजे तासाला साधारण २ युनिट, त्यामुळे रोजच्या रोज युनिटभर तरी वाचतं असा माझा हिशोब. मधल्या काळात बिल का वाढलं होतं त्याचं थोडं उत्तर या फटीत असावं.

आता एक महत्त्वाचं, ज्यासाठी खरं तर मी एवढं लांबलचक लिहायला बसले. आमच्या ह्यांनी दादांना सुचवलं की बाहेरून एक छोटी कडी मारून द्या ना, परत लॅच गेला तरी अडायला नको. दादा चक्क नाही म्हणाले. "साहेब, कडी मी मारणार नाही. घरात लहान मूल आहे. आज पाळण्यात आहे, दोन वर्षांनी सगळीकडे शिरेल." ड्रायरचा कॅच मुद्दामच असा असतो की आतून ढकललं तर दार उघडतं, म्हणून तो स्प्रिंगचा, म्हणून त्याला कुलूप नाही. लपाछपीत पोर आत जाऊन बसलं आणि दार लागलं तर ते आतून ढकलून बाहेर येऊ शकलं पाहिजे. बाहेरून कडी, दोरी, चिकटपट्टी, टेकवलेली खुर्ची यातलं काहीही लावलं की ही सोय संपली. मी नंतर याबद्दल वाचलं. अमेरिकेत पूर्वी फ्रिजला बाहेरून खटकीचं दार असायचं आणि टाकून दिलेल्या फ्रिजमधे मुलं अडकून गुदमरून जायची, म्हणून १९५६ साली तिथे कायदाच केला की घरगुती फ्रिजचं दार आतून उघडता आलं पाहिजे, १९५८ च्या शेवटापासून बनलेल्या सगळ्या फ्रिजना तो लागू झाला. आज आपल्या घरातल्या फ्रिजच्या दारात खटकीऐवजी चुंबकाची पट्टी असते ती त्याच वाटेने आली. ड्रायरच्या दाराचा विचारही तोच आहे. एवढं सगळं कदाचित दादांना माहीत नसेलही पण त्यांनी ऐन वेळी गिऱ्हाइकाला नाही म्हटलं, आणि आमचे हे पण ऐकून गप्प झाले आणि मग म्हणाले बरोबर आहे तुमचं.

तसंच स्विच शॉर्ट करून देण्याचं. काही ठिकाणी स्विच गेला की दोन वायरी जोडून देतात, मशीन चालू होतं, गिऱ्हाईक खूश. मग दार उघडं असताना ड्रम फिरत राहतो आणि हीटर चालू. लहान मुलाचा हात, ओढणी, साडीचा पदर, काहीही आत जाऊ शकतं. दादा म्हणाले त्यांच्याकडे अशी जोडून दिलेली मशीनं येतात आणि ते आधी स्विच बसवतात मग बाकीचं काम करतात, गिऱ्हाईक नको म्हणालं तर मशीन परत देतात. तुमच्या मशीनचं कधी असं काम झालं असेल तर एकदा तपासून घ्या, चालू मशीनचं दार उघडलं की ड्रम थांबलाच पाहिजे.

पार्टचा विषय निघाला तेव्हा दादा थोडे वैतागूनच बोलले. पूर्वी कंपन्या कॅच वेगळा, जीभ वेगळी, बिजागरी वेगळी विकायच्या, आता पूर्ण दार घ्या म्हणतात, मग आम्ही भंगारातल्या मशीनमधून काढून ठेवतो. माझा भाचा जर्मनीत असतो, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला तिकडे युरोपियन युनियनचा नियम आहे, मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचा दरवाजा, बिजागऱ्या, सील, दाराचं लॉक हे पार्ट मॉडेल बाजारातून गेल्यावरही १० वर्षं साध्या ग्राहकाला मिळाले पाहिजेत, आणि ड्रायरसाठी पण जुलै २०२५ पासून नवीन नियम आलेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मधे दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनी त्याचं पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणं पण धरली आहेत. चांगली सुरुवात आहे, पण ३५० रुपयाचा कॅच सरळ मिळायला अजून कायद्याचा धाक लागेल असं मला वाटतं. तोवर कंपनीने पार्ट नाही म्हणून सरळ हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, त्यावर तक्रार नोंदवता येते, मराठीतही बोलतात. आपण तक्रारच करत नाही आणि नवीन मशीन घेऊन मोकळे होतो. दहा वर्षं व्यवस्थित चाललेलं, मोटर चांगली, ड्रम चांगला, हीटर चांगला असलेलं मशीन एका प्लास्टिकच्या ओठासाठी भंगारात घालायचं, हे मनाला पटत नाही.

बिलाचं सांगते. व्हिजिट ३००, कॅच ३५०, मजुरी आणि बाकीचं सामान ६००. यूपीआय चालतं. कॅचला तीन महिने आणि बिजागरीच्या कामाला सहा महिने गॅरंटी सांगितली आणि मी मागितल्यावर बिलावर लिहून सही करून दिली. मागितल्यावर. स्वतःहून बिल देत नाहीत, ते मागून घ्याच. जुना तुटलेला कॅच माझ्या हातात दिला, हे पण मला आवडलं, काय बदललं ते डोळ्यांनी दिसतं.

अर्धा तारा कापला तो वेळेसाठी. सकाळी ११ ला येतो म्हणून दुपारी अडीचला आले आणि मधे फोन उचलला नाही. बाळंतीण झोपलेली, मी तिकडे बेल वाजेल म्हणून ताटकळत. एक फोन केला असता तर काही वाटलं नसतं. नंतर बोलले की दुसऱ्या कामावर हात आत घातलेला असतो, फोन उचलता येत नाही. खरं असेल, पण मग हाताखालच्या मुलाकडे फोन द्यावा. दुसरं, दुकान शोधायला अवघड आहे, पाटी झाडामागे लपलीय, आणि समोर गाडी लावायला जागा नाही.

कोणाला बोलवायचं असेल तर सकाळी १० च्या आत फोन करा, नंतर ते कामावर निघतात. डोंबिवली पूर्व-पश्चिम आणि ठाकुर्लीत घरी येतात, कल्याणला नाही, तिकडून मशीन दुकानात आणून द्यावं लागतं. फोन करायच्या आधी तीन फोटो काढून पाठवा म्हणतात, एक दाराच्या जिभेचा, एक समोरच्या खाचेचा आणि एक मॉडेल नंबरच्या स्टिकरचा. ते स्टिकर बहुतेक मशीनमधे दार उघडल्यावर तोंडाच्या कडेलाच आत चिकटवलेलं असतं. खाचेचा फोटो काढताना टॉर्च लावा, नाहीतर आतला कॅच दिसत नाही आणि मग पार्टचा अंदाज न आल्यामुळे त्यांची एक फेरी वाढते. हीट पंपवाल्या नवीन ड्रायरचं (त्यात फ्रिज-एसीसारखा गॅस असतो) गॅसचं काम ते करत नाहीत, तसं स्पष्ट सांगतात, दाराचं काम मात्र त्याचंही करतात. आणि शक्यतो मे महिन्यातच बोलवून घ्या. जून लागला की त्यांच्याकडे रांग लागते आणि दोन-दोन दिवस नंबर येत नाही.